शिवेवरचा शेजारी

आज वसुबारस. दिवाळीचा पहिला दिवा आज दारात लागेल. ज्यांच्या घरी गाय-वासरू आहे ते त्यांना ओवाळतील. शहरातले अनेक जण जवळच्या गोठ्यात किंवा देवळाच्या आवारात जाऊन गाईच्या पायांवर पाणी घालून येतील. याच तिथीला, आश्विन वद्य द्वादशीला, सह्याद्रीच्या डोंगरवस्त्यांत आणखी एक सण असतो. त्याचे नाव वाघबारस. अकोले-इगतपुरीपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत आणि तिथून खाली थेट मुंबईच्या हद्दीतल्या पाड्यांपर्यंत आदिवासी माणसे आज शिवेवर जमतात. तिथे वाघोबा असतो. लाकडाच्या फळीवर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य आणि अंगाला शेंदूर. त्याच्यापुढे नारळ फुटतो, नैवेद्य ठेवला जातो, आणि गुराढोरांना, गुराख्यांना, लेकराबाळांना वर्षभर सांभाळ असे मागणे घातले जाते. गाय पूजायची आणि गाय ज्याचा घास आहे त्यालाही त्याच दिवशी पूजायचे, एवढे मोठे मन आपल्याच मुलखातल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या जपले आहे. मुंबईसारख्या महानगराला ते समजून घ्यायचे असेल, तर फार दूर जावे लागत नाही. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला उतरून थोडे चालत गेले की पुरे.

तिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार आहे. १९८१ साली हे नाव मिळाले, तरी जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून ‘नॅशनल पार्क’च आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे रान मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. अमेरिकेतले आपले आप्त दर ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या लाल-पिवळ्या पानांची छायाचित्रे पाठवतात. ते सुंदर उद्यान साडेतीन चौरस किलोमीटरही भरत नाही; तशी तीस उद्याने बोरिवलीच्या रानात मावतील. शिवाय सेंट्रल पार्क माणसांनी आखले, माती आणून, झाडे लावून वसवले. आपले रान आपल्या आधीपासून इथे आहे. शहर चहूबाजूंनी वाढत गेले आणि जंगल मधोमध राहिले. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन एक सकाळ या रानात पायी काढावी, अशी विनंती आम्ही वाचकांना करतो. त्यासाठी शरदासारखा दुसरा ऋतू नाही.

परतीचा पाऊस साधारणपणे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मुंबई सोडतो. मग शहरात उकाडा चढतो, दुपारी डांबर तापते, आणि घरोघरी ‘ऑक्टोबर हीट’च्या नावाने बोटे मोडली जातात. जंगलात मात्र हाच काळ भरभराटीचा. चार महिने मुरवून घेतलेले पाणी जमीन अजून थोडे थोडे सोडत असते, ओढे वाहते असतात, आणि आभाळ धुऊन निघाल्यामुळे ऊन लख्ख पडते. पावसात वाढलेले गवत शेंड्याला पिवळे आणि बुडाशी अजून हिरवे दिसते. वाटेच्या कडेला कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे उभे असतात. संध्याकाळ झाली की सातविणीच्या फुलांचा उग्र वास हवेत भरून राहतो. ज्याची पाने दसऱ्याला आपण सोने म्हणून लुटतो तो आपटा इथे कुणी न ओरबाडलेला, भरल्या अंगाने पाहायला मिळतो. दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेत हाताच्या पंजाएवढे कोळी जाळी ताणून बसलेले असतात. सकाळचे तिरपे ऊन पडले की त्या धाग्यांचा मूळचा सोनेरी रंग दिसतो. फुलपाखरांचाही हाच हंगाम. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरवलेले ब्ल्यू मॉरमॉन आपले काळे-निळे मखमली पंख घेऊन याच दिवसांत वाटेवरून जाते. हिवाळ्यासाठी उत्तरेकडून उतरलेले धोबी पक्षी ओढ्यातल्या दगडांवर शेपट्या वरखाली करीत फिरू लागलेले असतात.

या उतारांवर कारवी आहे, आणि तिच्यापाशी थोडे थांबावे. सात वर्षे ती नुसती पाने मिरवते आणि आठव्या वर्षी सगळा डोंगर जांभळा करून टाकते. २००८, २०१६ आणि २०२४ साली मुंबईकरांनी हा बहर पाहिला. पुढचा आता २०३२मध्ये. एकदा फुलून बी धरले की ते झुडूप वाळते. वाळलेल्या काठ्यांचा कूड करून त्याला शेणामातीने लिंपले की पाड्यावरच्या घराची भिंत तयार होते. शहराचे नियोजन एका निवडणुकीपासून दुसऱ्या निवडणुकीपर्यंत चालते. ज्या जमिनीवर एक साधे झुडूपसुद्धा आठ वर्षांचा बेत धरून उगवते, तिच्याविषयी निर्णय घेणाऱ्यांची नजर निदान तेवढी तरी लांबची असायला हवी.

डांबरी रस्त्याने चढत सहा-सात किलोमीटर आत गेले की कान्हेरी येते. काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास ती खोदायला सुरुवात झाली आणि पुढे जवळजवळ हजार वर्षे इथे बौद्ध भिक्षूंचा वावर राहिला. सोपारा आणि कल्याणच्या बंदरांतून व्यापार करणाऱ्यांनी त्यांना दाने दिली, त्यांची नोंद ब्राह्मी अक्षरांत भिंतींवर आहे. चैत्यगृहाच्या ओसरीतल्या बुद्धाच्या उंच मूर्ती सगळेच पाहतात. शरदात आलेल्याने मात्र लेण्यांच्या दारातल्या पोढ्या पाहाव्यात. डोंगरमाथ्यावर पडलेले पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींतून खाली आणायचे आणि प्रत्येक विहाराच्या पुढ्यातल्या टाक्यात साठवायचे, अशी ही व्यवस्था. पाऊस थांबून काही आठवडे झाले तरी यातली अनेक टाकी भरलेली दिसतात. पडेल तेवढे पाणी आपल्याच दारात धरायचे आणि तेच वर्षभर पुरवायचे, हा नियम या साष्टी बेटावर दोन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरला गेला होता.

कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. पारशी पाहुण्यांनी इथे येऊन आपली नावे आणि तिथी कोरून ठेवल्या. त्या तिथी इ. स. १००९ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमधल्या आणि १०२१ च्या ऑक्टोबरमधल्या आहेत. पाऊस ओसरला, वाटा सुकल्या, की या डोंगरात फिरायला यायचे, ही रीत हजार वर्षांपूर्वीही होती असा याचा सरळ अर्थ. दुसऱ्या देशातून आलेली, दुसऱ्या धर्माची माणसे एका ओसाड होत चाललेल्या बौद्ध विहारात येतात, आदराने नावे नोंदवतात आणि निघून जातात. पाहुण्याने कसे यावे आणि कसे जावे, याचे हे उदाहरण जंगलाने सांभाळून ठेवले आहे. मात्र तिथे आता नाव कोरणे हा गुन्हा आहे. आजच्या पाहुण्याने पावलांशिवाय काहीच मागे ठेवू नये.

कान्हेरीच्या माथ्यावर उभे राहिले की दाट झाडीपलीकडे शहराच्या इमारती दिसतात. एवढी माणसे, एवढी जमिनीची हाव, आणि तरी मधले एवढे रान कसे वाचले? याचे उत्तर पाण्यात आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बेटावरच्या विहिरी आणि तलाव वाढत्या वस्तीला पुरेनात. तेव्हा इंग्रज सरकारने साष्टीच्या या डोंगरात मिठी नदीच्या उगमाजवळ धरण बांधले. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. तलावात स्वच्छ पाणी यायचे तर पाणलोटातली झाडी राखायला हवी. त्यासाठी या डोंगरांवर पहारा बसला. स्वातंत्र्यानंतर त्याच राखलेल्या रानाचे राष्ट्रीय उद्यान झाले आणि आजूबाजूची वनजमीन जोडत ते वाढवले गेले. म्हणजे मुंबईने हे जंगल पहिल्यांदा राखले ते आपल्या तहानेपोटी. यात कमीपणा काहीच नाही. जो आपल्याला पाणी देतो त्याला आपण राखतो, हा माणसाचा सर्वांत जुना आणि सर्वांत टिकाऊ व्यवहार आहे. दुःख याचे, की आपण तो व्यवहार विसरलो. आता भातसा, वैतरणा, तानसा अशा लांबच्या धरणांतून पाणी येते. विहार आणि तुळशीचा वाटा लहान झाला, तसे त्या जंगलाचे आपल्यावरचे उपकारही आपल्याला लहान वाटू लागले.

पण पाणी हिशेब विसरत नाही. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या मुंबईच्या चारही नद्या याच डोंगरांतून निघतात. शरदातल्या सकाळी उद्यानात दहिसर नदीच्या काठाने चालावे. पाणी नितळ असते, तळचे गोटे मोजता येतात, मासे दिसतात. तीच नदी उद्यानाची भिंत ओलांडून वस्तीत शिरते आणि समुद्राला मिळेपर्यंत तिचा नाला होतो. अंतर काही किलोमीटरचे, आणि तेवढ्यात एका नदीचा जीव जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीने आपली बुजवलेली, आवळलेली पात्रे परत मागितली आणि शेकडो माणसे गेली. त्या दिवशी जंगलाच्या उतारांनी आपल्या परीने पाणी धरले. जिथे झाडी नव्हती, माती नव्हती, नुसते काँक्रीट होते, तिथे धरायला कुणीच नव्हते.

आता त्या शेजाऱ्याविषयी, ज्याचा आज सण आहे. बोरिवलीच्या रानात आज वाघ फक्त बंदिस्त सफारीत आहेत. मोकळ्या रानाचा धनी बिबट्या आहे. आदिवासी माणूस दोघांनाही वाघच म्हणतो आणि वाघोबाच्या पाटीवर दोघांनाही जागा देतो. कॅमेरे लावून केलेल्या गणनेत २०१५ साली उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ साली ४७. जगातल्या कोणत्याही महानगराच्या पोटात एवढ्या दाटीने बिबटे राहत नाहीत. ते हरणे, सांबर, वानरे खातात आणि वस्तीच्या कडेला भटकी कुत्रीही खातात. रात्री शहर झोपले की ते गृहसंकुलांच्या भिंतींवरून, गोठ्यांच्या मागून जातात आणि उजाडण्याआधी परततात. बहुतेक मुंबईकरांना ते गेल्याचे कळतही नाही.

हे सुरळीत चालले आहे असे म्हणून पुढे जाणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. २००४ साली या जंगलाच्या कडेने हल्ल्यांची लाट आली आणि एकट्या जून महिन्यात अनेक बळी गेले. दिसला बिबट्या की लाव पिंजरा, पकड आणि दुसरीकडच्या जंगलात सोड, अशी तेव्हा रीत होती. जुन्नर भागात अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की अशा उचलबांगडीने हल्ले थांबत नाहीत. जिथे प्राणी सोडले त्याच्या आसपास ते वाढतात. ओळखीचा मुलूख हिरावलेला, पिंजऱ्यात जखमी झालेला, परक्या जागी सोडलेला प्राणी जास्त धोक्याचा होतो. मुंबईने यातून धडा घेतला. २०११पासून वनविभाग, अभ्यासक, पत्रकार आणि नागरिक ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या नावाने एकत्र आले. पिंजऱ्याची मागणी करणाऱ्या वस्त्यांत जाऊन त्यांनी समजावले: कचरा उचला म्हणजे कुत्री कमी होतील, कुत्री कमी झाली की बिबट्याचे येणे कमी होईल, अंधार पडल्यावर मुलांना एकटे सोडू नका, वाटेवर दिवा लावा, पहाटे उघड्यावर बसायला लागू नये म्हणून शौचालये बांधा. या साध्या उपायांनी पुढच्या वर्षांत हल्ले खूप कमी झाले. तरी ते संपले नाहीत. २०२२ साली ऐन दिवाळीच्या दिवशी जंगलाला लागून असलेल्या आरे वसाहतीत दीड वर्षाचीही न झालेली एक मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्या घराला सहजीवनाचे प्रवचन देण्याचा अधिकार कुणालाच नाही. जंगलाच्या कडेला दिवा, रस्ता आणि घरात शौचालय नसलेली वस्ती ठेवायची आणि मग बळी गेला की प्राण्याकडे बोट दाखवायचे, हा अन्याय आपण दोघांवरही करतो.

वाघबारशीचे शहाणपण नेमके इथे उपयोगी पडते. वारल्यांत वाघोबाची एक कथा सांगतात. एका बाईच्या पोटी आलेला मुलगा खेळता खेळता वाघाचे रूप घेऊ लागला आणि गुरे मारू लागला. गावकरी त्याला मारायला उठले. आई मध्ये पडली. तिने मुलाला सांगितले, तू गावात राहायचे नाहीस, शिवेबाहेर राहायचे. आणि गावाला सांगितले, तुम्ही त्याला दर वर्षी त्याचा मान द्यायचा. त्या कराराची खूण म्हणून शिवेवर वाघोबा उभा राहिला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांत वाघोबाची दीडशेच्या घरात ठाणी नोंदवली गेली. यातली काही महामार्गांच्या आणि उंच इमारतींच्या सावलीत आहेत. या श्रद्धेमुळे आदिवासींचे नुकसान टळते असे नाही. त्यांचीही शेळी जाते, वासरू जाते, कधी माणूसही जातो. पण नुकसान झाल्यावर ते नाते तोडत नाहीत. करारात आपले काही चुकले का, हे ते आधी पाहतात.

या करारात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही आजच्या कोणत्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात शोभतील. पहिली म्हणजे दोघांना ठाऊक असलेली शीव. दुसरी, दुसऱ्या बाजूलाही हक्क आहे, भूक आहे, घर आहे याची कबुली. आणि तिसरी, ती कबुली दर वर्षी, ठरल्या दिवशी, सगळ्यांच्या देखत पुन्हा देण्याची शिस्त. आपल्या कायद्यांत पहिल्या दोन गोष्टी कशाबशा आहेत. तिसरी कुठेच नाही, म्हणून पहिल्या दोनही झिजत जातात.

शीव कशी झिजते, ते डोळ्यांसमोर आहे. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने या उद्यानाभोवती ५९ चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केले. काही ठिकाणी हा पट्टा चार किलोमीटर रुंद आहे. पण जिथे बांधकामाचा दाब सर्वांत जास्त तिथे तो शंभर मीटरवर येऊन ठेपतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये, अशाच शरदाच्या दिवसांत, आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठी रातोरात दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तेव्हा त्या जागेवरची बहुतेक झाडे आडवी झाली होती. त्यानंतर आरेतली आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वन झाली, हे त्या वेळी रस्त्यावर उतरलेल्या तरुणांचे आणि पाड्यांवरच्या माणसांचे यश आहे. मेट्रो आता धावते आहे आणि लाखो प्रवाशांच्या सोयीची आहे. पण सोय आणि झाडे यांत निवड करायची वेळ एका रात्रीत यावी, हे नियोजनाचे अपयश होते, आणि ते तसेच नोंदवले पाहिजे.

आता जंगलाच्या पोटातून रस्ते जात आहेत. जुलै २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन झाले आणि गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याच्या बोगद्यांच्या कामाला प्रारंभ झाला. वरचे जंगल तोडण्यापेक्षा खालून जाणे बरे, हे मान्य. घोडबंदर रस्त्यावर तासन् तास अडकणाऱ्यांचा वेळही मोलाचा आहे. पण ज्या डोंगरांतून चार नद्या आणि दोन तलाव पाणी घेतात, तिथले झरे आणि भूजल या खोदाईने कुठे वळतात यावर सतत नजर हवी आणि ती मोजमापे लोकांसमोर हवीत. घोडबंदर रस्ता उद्यानाचा मुख्य भाग आणि वसई खाडीकडचा नागला भाग यांना तोडतो. त्या पलीकडे तुंगारेश्वरचे अभयारण्य आहे. बिबट्याला, सांबराला तिकडे जाता आले नाही, तर या रानाचे हळूहळू बेट होईल, आणि बेटावर कोंडलेले कूळ फार पिढ्या निरोगी राहत नाही. रस्त्याखालून किंवा वरून प्राण्यांना सुरक्षित वाट काढून देणे ही चैन नव्हे. रस्ता रुंद करतानाच ती खर्चात धरली पाहिजे.

आणखी एक कर्ज या शहराच्या डोक्यावर आहे. उद्यानात वारली, मल्हार कोळी, कोकणा अशा समाजांचे पाडे आहेत. मुख्य रस्त्याच्या कडेला काकड्या, पेरू, चिंचा घेऊन बसलेल्या बाया बहुतेक तिथल्याच. पर्यटक त्यांच्याकडून मीठ-मिरची लावलेली काकडी घेतात आणि पुढे जातात. त्यांच्या घरी वीज आहे का, मुलांची शाळा किती लांब आहे, हे कुणी विचारत नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिल्यानंतर जंगलाच्या कडेने वाढलेल्या झोपड्यांचा प्रश्न ऐरणीवर आला, आणि त्या गदारोळात पिढ्यानपिढ्या इथे असलेल्या आदिवासींनाही उपऱ्यांच्या रांगेत उभे केले गेले. २००६ सालच्या वनहक्क कायद्याने अशा रहिवाशांचा हक्क मान्य केला. कायदा मान्य करतो तो हक्क कागदावर यायला दशके लागू नयेत. ज्यांनी वाघोबाशी करार पाळला त्यांनाच जंगलाला अडथळा ठरवणारे संरक्षण फार काळ टिकणार नाही; त्यांना वाटाडे, रक्षक आणि निर्णयातले भागीदार केले तर ते टिकेल.

म्हणून आजच्या दिवशी आमचे एक मागणे आहे. या जंगलाला तीन महानगरपालिका चिकटून आहेत: मुंबई, ठाणे आणि मीरा-भाईंदर. तिन्ही पालिकांनी वनविभागासोबत दर वर्षी वाघबारशीच्या दिवशी या जंगलाचा हिशेब जाहीर करावा. वर्षभरात किती जमीन घेतली आणि किती जोडली. किती झाडे गेली. चारही नद्यांचे पाणी उद्यानाच्या भिंतीपाशी कसे आहे आणि समुद्रापाशी कसे. कडेच्या वस्त्यांतला कचरा रोज उचलला जातो का. किती पाड्यांत दिवे आणि शौचालये पोचली. किती वनहक्काचे दावे निकाली निघाले. रस्त्यांवर किती प्राणी मेले. आणि बिबट्याने कुणाचा जीव घेतला तर त्या घराला भरपाई किती दिवसांत मिळाली. हे सगळे आकडे कुठल्या ना कुठल्या दफ्तरात असतातच. ते एका जागी, एका दिवशी, साध्या मराठीत लोकांपुढे आले की शीव कुठे सरकली ते शाळकरी मुलालाही कळेल.

नागरिकांनीही आपला वाटा उचलावा. जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी या चार दिवसांत फटाके वाजवू नयेत. उद्यानात प्लॅस्टिक नेऊ नये, माकडांना खायला घालू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत. शिलोंढ्यासारख्या आडवाटा परवानगी काढून, वाटाड्याबरोबरच चालाव्यात. तो वाटाडा पाड्यावरचा असेल तर अधिक चांगले. आणि मुलांना इथे आणावे. गाईला ओवाळायला आपण त्यांना आवर्जून नेतो, ते योग्यच आहे. जी आपल्याला दूध देते तिच्याविषयी कृतज्ञता सोपी असते. जो आपल्याला काही देताना दिसत नाही, ज्याची भीती वाटते, आणि तरीही ज्याच्या असण्याने आपले पाणी, आपली हवा आणि आपल्या नद्यांचे उगम शाबूत आहेत, त्याला मान द्यायला जास्त शिकावे लागते. आदिवासींनी ते शिक्षण शतकानुशतके सणाच्या रूपात चालू ठेवले.

दर वर्षी शिवेवर उभे राहून ‘आमच्या हातून करार पाळला गेला का’ असे स्वतःला विचारणारी माणसे या शहरात आहेत, हे मुंबईचे भाग्य आहे. त्यांनी तो प्रश्न दगडापुढे उभे राहून विचारला. महानगराने तोच प्रश्न आपल्या सभागृहात विचारावा, आणि उत्तर आकड्यांनिशी द्यावे.